वस्तादांची कूस

वस्ताद पुन्हा उताणे पडले होते.

सकाळच्या चहानंतर मी, मलिकाबी मावशी आणि वॉर्डबॉय अशा तिघांनी मिळून त्यांना डाव्या कुशीवर वळवलं होतं. पाठीमागे दोन घट्ट उशा, दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये एक, आणि टाचा गादीला टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली एक. एवढं सगळं नीट लावून मी दुसऱ्या पेशंटची ड्रेसिंगं करायला गेले होते. परत येऊन पाहते तर वस्ताद छताकडे बघत उताणे. पाठीमागच्या उशा एका बाजूला सरकलेल्या.

"मावशी, यांना कोणी हात लावला?"

"मी कशाला लावू, सिस्टर? एकटीनं हलतंय का हे धूड?" मलिकाबी मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या.

"वस्ताद, काय झालं?"

"काय की. डोळा लागला हुता. सरकलो असंन."

कमरेखाली अंगच नसल्यासारखा झालेला माणूस झोपेत सरकून उताणा होत नाही, हे मला माहीत होतं. पण वाद घालण्यात अर्थ नव्हता. मी वॉर्डबॉयला हाक मारली आणि आम्ही त्यांना परत वळवलं. त्यांचा सदरा वर करून मी पाठ बघितली. माकडहाडावर लाल चट्टा होता. त्यावर बोट दाबून धरलं आणि उचललं. चांगली कातडी असली तर दाबलेली जागा क्षणभर पांढरी पडते, मग पुन्हा लाल होते. ही जागा पांढरी पडलीच नाही. लालच्या लाल राहिली.

म्हणजे पाठ फुटायची ही सुरुवात होती.

मी तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात होते. पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डची इनचार्ज. होवाळ सिस्टर म्हणून सगळे ओळखायचे, आणि थोडे घाबरायचेही. हात न धुता कोणी पेशंटजवळ गेलं तर मी भर वॉर्डात बोलायचे, मग तो डॉक्टर असो की नातेवाईक.

मल्हारी खराडे जवळच्याच एका गावचे. तालमीत पोरांना कुस्ती शिकवायचे, म्हणून सगळा मुलूख त्यांना वस्ताद म्हणायचा. एका जत्रेतलं कुस्त्यांचं मैदान करून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून परतताना ट्रॉली उलटली आणि वस्ताद खाली सापडले. मणका गेला. वरचं अंग तसंच राहिलं, दंड माझ्या मांडीएवढे. कमरेखाली मात्र काही नाही. पाय हलत नव्हते, चिमटा काढला तरी कळत नव्हतं, लघवीला नळी. डॉक्टर मगदूमांनी पहिल्याच दिवशी घरच्यांना स्पष्ट सांगितलं होतं की पाय परत येतील अशी आशा धरू नका. पण माणूस जगेल, चाकाच्या खुर्चीवर बसेल, बोलेल, जेवेल, पोरांना शिकवेल. फक्त दोन गोष्टी सांभाळायच्या. लघवीच्या नळीतून जंतू जाऊ द्यायचे नाहीत आणि पाठ फुटू द्यायची नाही.

पाठ फुटणं म्हणजे काय ते त्या वॉर्डात सगळ्यांनी नुकतंच बघितलं होतं. वस्तादांच्या शेजारच्या पलंगावर शिवगोंडा नावाचा लाइनमन होता. विजेच्या खांबावरून पडलेला. तो आमच्याकडे आला तेव्हाच घरी पडून पडून त्याच्या पाठीला ओंजळभर जखम झाली होती. आम्ही खूप केलं. जखमेतलं विष रक्तात भिनलं आणि तो गेला. त्याचा पलंग अजून रिकामाच होता. आणि आता त्याच्याच शेजारी, माझ्या डोळ्यांदेखत, दुसरी पाठ लाल होत होती.

संध्याकाळच्या राउंडला डॉक्टर मगदूमांनी चट्टा बघितला.

"सिस्टर, वळवता ना वेळच्या वेळी?"

"दर दोन तासांनी, सर. मी स्वतः."

"मग हे?"

डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसतेच माझ्याकडे बघून पुढच्या पलंगाकडे गेले. ड्यूटी संपल्यावर मी एसटी स्टँडपर्यंत गेले आणि गाडीत न बसता परत आले. वॉर्डच्या दारातून डोकावले. वस्ताद कुशीवर होते. मग घरी गेले. जेवण गेलं नाही. नवऱ्यानं काही विचारलं, त्याला धड बोलले नाही.

सकाळी वॉर्डात पाऊल टाकलं. उताणे.

मग मी माणसं तपासायला लागले. पहिला संशय संपत डुबलवर. हा वस्तादांचा सगळ्यात जुना पठ्ठ्या, स्वतः दोन लेकरांचा बाप. रोज दुपारी यायचा आणि वस्तादांच्या उशाशी बसायचा. आठवड्याभरापूर्वीच मी त्याला पकडला होता. कापडाच्या पुरचुंडीत तालमीतली तांबडी माती घेऊन आला होता आणि वस्तादांच्या पायांना चोळायला बसला होता.

"हे काय चाललंय?"

"आखाड्याची माती हाय, सिस्टर. ताक, हळद, त्याल घालून मळल्याली. हिच्यानं मुकं अंग बोलतं."

"आणि त्या नळीपाशी गेली तर तुझे वस्ताद बोलायचे थांबतील. उचल ती आधी. जा, हात धुऊन ये. साबणानं. कोपरापर्यंत."

तो हात धुऊन आला, पण तोंड सुजवून बसला. तेव्हा मला वाटलं, हाच असणार. माती चोळता यावी म्हणून गुपचूप त्यांना उताणं करत असेल. ताकदही होती त्याच्यात तेवढी.

मी त्याला व्हरांड्यात बोलावलं. "संपत, खरं सांग. तू वस्तादांना सरळ करतोस का?"

त्याच्या चेहऱ्यावर आधी राग आला. मग डोळ्यांत पाणी.

"सिस्टर, त्यांच्या अंगाला हात लावायचा म्हणलं की माझं हात थरथरत्यात. त्यांनी मला शंभर डाव शिकवलं. त्यांची पाठ लावायचा डाव न्हाई शिकवला."

तरी मी त्याला चार दिवस वॉर्डात येऊ नको म्हणून सांगितलं. तो गेला. दुपारी वस्ताद उताणे.

मग राहिल्या त्यांच्या बायको, शेवंतावहिनी. काटक, सावळ्या, कमी बोलणाऱ्या. पलंगाखाली चटई टाकून राहायच्या. त्यांना एकटीला वस्तादांना वळवणं शक्य नव्हतं. पण माझी बुद्धी तेव्हा ठिकाणावर नव्हती. त्यांना विचारलं तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मीच मान खाली घातली.

"बाई, मी रात रात जागती त्यांच्या उशा धरून," त्या म्हणाल्या. "माझा डोळा लागला की घसरत्यात. मलाबी कळंना."

चट्टा आता जांभळा झाला होता. मध्ये एक फोड धरला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी वहिनी धुणं घेऊन मागच्या नळावर गेल्या. पेशंट जेवून पडले होते. मी शिवगोंडाचा पलंग धुवायला घेतला. नवा पेशंट येणार होता. मलिकाबी मावशींचं काम होतं खरं तर, पण माझ्यानं बसवत नव्हतं. जंतुनाशकाच्या पाण्यात फडकं पिळून मी गादीची रबरी चादर, लोखंडी दांड्या, पाये पुसत होते. पलंगाभोवती हिरवा पडदा ओढलेला होता. वाकल्यामुळे मी कोणाला दिसत नव्हते.

शेजारून श्वास ऐकू आला. जड. रोखून सोडलेला.

मी पडद्याच्या फटीतून बघितलं.

वस्तादांच्या डोक्यावर एक लोखंडी दांडा टांगलेला होता. हातांचा व्यायाम व्हावा म्हणून आम्हीच लावलेला. कुशीवर असलेल्या वस्तादांनी एक हात मागे नेला आणि पाठीमागच्या उशा एकेक करून ओढून काढल्या. मग तोच हात वर करून त्यांनी दांडा पकडला. दंडाच्या शिरा तटतटल्या. जबडा आवळला. वरचं अंग पिळवटून त्यांनी स्वतःला उताणं केलं. पाय तसेच एकावर एक राहिले, तर मांडीखाली हात घालून एखादं ओझं ठेवावं तसा वरचा पाय बाजूला ठेवला. आणि मग त्या उशा त्यांनी परत कडेला अशा खुपसल्या, की आपोआप घसरल्या असं वाटावं.

मी पडदा बाजूला केला.

माझ्या हातातल्या फडक्याचं पाणी फरशीवर ठिबकत होतं.

"दुखतं का कुशीवर?" मी विचारलं.

"दुखायला काय कळतंय व्हय मला तितं?"

"मग?"

त्यांनी शेजारच्या रिकाम्या पलंगाकडे बघितलं. मग हळू आवाजात म्हणाले, "सिस्टर, ह्यो शेजारचा लाइनमन कशानं गेला?"

"तुम्हाला माहीत आहे."

"माहीत हाय. म्हणून तर." त्यांनी छताकडे नजर लावली. "मैदानात पाठ लागली की पंच शिट्टी मारतो. गडी उठतो, माती झटकतो, घरला जातो. माझी पाठ लागून महिना झाला. शिट्टीच वाजंना. म्हणलं, आपणच संपवावी."

मी पलंगाच्या कडेवर बसले. ड्यूटीवर पेशंटच्या पलंगावर बसायचं नाही, हा माझाच नियम होता.

"कशासाठी, वस्ताद?"

"तिच्यासाठी." त्यांनी नळाच्या दिशेला हनुवटी केली. "तालमीतल्या पोरांचं रांधण्यात तिचा जन्म गेला. आमाला लेकरू न्हाई. आता माझी घाण काढण्यात उरल्यालं जायाचं. मी गेलो तर भाऊ नेईल तिला माहेरी. सुखानं चार घास खाईल. इख, दोर, ह्यातलं काय केलं तर लोक तिला बोलत्याल. पाठ फुटून गेला तर कोण काय बोलणार? देवानं नेला म्हणत्याल."

"शिवगोंडा कसा गेला ते बघितलंत तुम्ही?"

"बघितलं."

"नाही बघितलं. तुमच्या आणि त्याच्या मध्ये पडदा होता." माझा आवाज चढला होता. "त्याच्या जखमेत माझी मूठ जायची. आत हाड दिसायचं. वास जाईना म्हणून त्याची बायको नाकाला पदर लावून त्याला भरवायची, आणि तो तिला म्हणायचा, तू जेवून घे आधी, इथं नको जेवू. कितीतरी आठवडे चाललं ते. हे सुख देणार तुम्ही वहिनींना?"

त्यांनी डोळे मिटून घेतले.

"तिला सांगू नका," ते म्हणाले. "पाया पडतो. डॉक्टरला सांगा, सगळ्या हॉस्पिटलला सांगा. तिला नको."

मी काही कबूल केलं नाही. वॉर्डबॉयला बोलावून त्यांना कुशीवर वळवलं, तो दांडा सोडवून काढून घेतला आणि सरळ मागच्या नळावर गेले.

शेवंतावहिनी धोपटण्यानं चादर बडवत होत्या. मी सांगत गेले तसा धोपटण्याचा आवाज थांबला. त्यांनी ओचा पिळला, हात पुसले. माझ्या पुढे चालत वॉर्डात आल्या. मला वाटलं, आता रडतील, पाय धरतील. त्या पलंगापाशी उभ्या राहिल्या.

"मला इचारलं का?"

वस्तादांनी माझ्याकडे बघितलं.

"ट्रॉलीनं जाऊ नका म्हणत हुती. ऐकलं का? तालमीला घर दिलं, तवा इचारलं का? माझ्या दारात तीस तीस पोरं जेवली, कधी नको म्हणली का मी? आणि आता मरायचं ठरिवलं, तेबी मला न इचारता?"

"शेवंते, तुझ्यासाठीच..."

"माझं नाव घेऊ नका." त्यांचा आवाज अजिबात वर चढला नव्हता, पण पलीकडचे पेशंट उठून बसले होते. "तुमाला जायाचं असंल तर सोताच्या नावावर जावा. माझ्या नावावर मरू नका. मी माहेराला जाऊन सुखानं खाईन म्हणं. कोण म्हणलं तुमाला, मला माहेराला जायाचं हाय? मी म्हणली?"

एवढा मोठा माणूस, खालचा ओठ लहान मुलासारखा थरथरायला लागला. कुशीवर असल्यामुळे त्यांना तोंडही लपवता येईना. वहिनींनी पदर पुढे करून त्यांच्या चेहऱ्यावर धरला, वॉर्डाला दिसू नये म्हणून. मग माझ्याकडे वळल्या.

"बाई, जखम दावा मला. काय करायचं असतं ते शिकवा."

इथे ही गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण फोड आधीच फुटला होता.

दोन दिवसांनी वस्तादांना हुडहुडी भरून ताप आला. पलंग खडखडत होता. जखमेच्या कडा काळ्या पडल्या होत्या आणि आतून पू यायला लागला होता. डॉक्टर मगदूमांनी मेलेलं मांस कापून काढलं. वस्तादांना तिथं कळत नव्हतं, म्हणून भूल नाही दिली. ते जागे होते. कात्रीचा आवाज ऐकत होते.

"किती खोल गेलीया, सिस्टर?" त्यांनी विचारलं.

"हाडापर्यंत नाही गेली."

"ऱ्हाईल का?"

महिनाभर जो माणूस मरायची वाट बघत होता, तो आता मला हे विचारत होता. मी पट्टी उचलली. "बघू," म्हणाले.

ते दिवस कसे गेले ते मला आजही सलग आठवत नाही. ताप उतरायचा आणि संध्याकाळी चढायचा. मी थर्मामीटर झटकायचे आणि आकडा बघायच्या आधी वहिनींचा चेहरा बघायचे. इंजेक्शनं बदलली. वहिनी जखम धुवायला शिकल्या. नखं पार मुळापर्यंत कापली, हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारून दोऱ्यानं बांधल्या, उकळलेल्या पाण्याशिवाय कशाला हात लावेनात. लघवीची पिशवी जमिनीला टेकलेली दिसली की वॉर्डबॉयला फैलावर घ्यायच्या. एकदा डॉक्टर मगदूम घाईत हात न धुता जवळ आले तर त्यांनाही म्हणाल्या, "डॉक्टरसायेब, आधी हात." डॉक्टर मुकाट्यानं बेसिनकडे गेले.

संपतला मी निरोप पाठवला. तो आला. वळवायच्या वेळी वस्तादांच्या खांद्याशी उभा राहिला, आणि हात पुढे करून थांबला. थरथरत होते खरोखर.

"लाव की हात," वस्ताद तापातच म्हणाले. "खांद्याखाली घाल. असा न्हाई, तळवा उघडा ठेव. हां. आता कमरंतनं जोर काढ, दंडातनं नको."

स्वतःला वळवायचं कसं, ते वस्तादच शिकवत होते.

एका सकाळी मी आले तेव्हा वहिनी पलंगाच्या पायाशी बसून जेवत होत्या. ज्वारीची भाकरी आणि कसलीशी आमटी. इतक्या दिवसांत मी त्यांना तिथं बसून जेवताना कधी बघितलं नव्हतं, नेहमी व्हरांड्यात जायच्या. मी वस्तादांच्या कपाळाला हात लावला. गार होतं. रात्रीपासून ताप आला नव्हता.

जखम भरायला पावसाळा संपला, दिवाळी गेली. तळापासून लाल लाल मांस वर येत गेलं, रोज पाहिलं तर काहीच फरक कळायचा नाही इतकं हळू. घरी जाताना वस्तादांनी मला हात जोडले नाहीत की आभार मानले नाहीत. ट्रॉलीत गादी घातली होती, त्यावर कुशीवर पडून ते संपतला ट्रॅक्टर हळू चालव म्हणून शिव्या देत होते.

पुढे वर्षं गेली. कधी तपासणीला यायचे, चाकाच्या खुर्चीवर. तालीम चालू होती. खुर्ची आखाड्याच्या कडेला लावून ओरडायचे म्हणे. नंतर माझी बदली दुसऱ्या गावी झाली आणि येणं-जाणं थांबलं.

मी निवृत्त व्हायच्या थोडं आधीची गोष्ट. ओपीडीत गर्दी होती. एक म्हातारी बाई दारातून आत न येता उभी होती. कपाळ मोकळं. मी ओळखायच्या आतच त्या म्हणाल्या, "बाई, मी शेवंता. खराडे वस्तादांची."

मी उठून त्यांना आत नेलं, बसवलं.

"कधी?"

"पंधरवडा झाला. छातीत कळ आली, पाणी मागितलं, आणून देईस्तवर गेलं. झटक्यात." त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "एसटीनं आली. तुमचा पत्ता संपतनं काढून दिला."

"एवढ्या लांब कशाला आलात, वहिनी? निरोप दिला असता तर मी आले असते."

"न्हाई. मलाच सांगायचं हुतं." त्या थोडं पुढं सरकल्या. "आंघोळ घालायला त्यांना अंगणात घेतलं. पोरांनी कुशीवर केलं. पाठ उघडी झाली तर शेजारच्या बायका रडायच्या थांबल्या. म्हणायला लागल्या, एवढी वर्षं पडून हुता गडी, आणि पाठ बघा, लहान लेकरासारखी. तेवढा तुमच्या इथला वण, बाकी डाग न्हाई."

बाहेर कोणाचा तरी नंबर पुकारला गेला.

"मग तुम्ही काय म्हणालात त्या बायकांना?"

"काय म्हणायचं?" शेवंतावहिनी म्हणाल्या. "म्हणलं, बघत काय बसलाय. पाणी वता."